वेलीला नेसवलेली साडी

थंडी सरली की पांघरुणं ट्रंकेत जातात. थंडीचे किस्से कुठल्या ट्रंकेत कोंबायचे? आमच्या निलंग्याच्या गल्लीत दर हिवाळ्याला नवे निघतात. ओट्यावर बसलं की एकीनं सांगायचा अन् दुसरीनं त्यावर चढवायचा!

आमच्या गल्लीत प्रत्येकीच्या मागच्या दारी झाडं हायत. पौषात दहिवर पडलं की पानं उकडल्यासारखी काळी होतात. नर्सरीवाला म्हणतो, शेडनेट घ्या. कशाला? घरात पांघरुणं न्हाईत काय!

यंदा माझा जीव पानवेलीत अडकला होता. माहेरचा पानमळा मोडला तेव्हा एक कांडी आणून न्हाणीच्या पाण्यावर वाढवलेली. माहेरचं तेवढंच उरलंय. माझ्या रेखाचं लग्न माघात, अन् मी सगळ्या गावाला सांगून बसलेली, "लग्नातला एकेक विडा माझ्या वेलीचा! बाजारचं पान ताटात दिसलं तर नाव बदलीन!"

अन् पौषात अशी थंडी पडली, की दातावर दात ठरेना.

* * *

पहिल्याच दिवशी मी मालकांच्या अंगावरची चादर ओढली अन् वेलीला गुंडाळली.

मालक बाजेवर उठून बसले. "अगं, मी गारठून राहिलो, अन् वेलीला चादर?"

"तुम्हाला चहा पाजता येतो. वेलीला पाजू का?"

मालकांनी चहा मागितला.

* * *

शेजारच्या सरूबाईकडं वांगी, टमाटे अन् मिरच्या. तिच्याकडं जास्तीची चादर न्हाई, पण भांडी लई. संध्याकाळ झाली की प्रत्येक रोपावर एक भांडं पालथं. एकदा सकाळीच जावई आले. पोरगी स्वयंपाकघरात गेली, तर फळ्या रिकाम्या!

"आई, चहा कशात ठेवू?"

सरूबाई मागच्या दारातून ओरडली, "थांब जरा! पातेलं वांग्यावर हाय, अजून ऊन आलं न्हाई!"

जावयानं ऊन येईपर्यंत वाट बघितली. कपबशाही मिरच्यांवरच होत्या.

* * *

समोरच्या मास्तरीणबाईंची पपई माणसाएवढी. त्यांनी तिला सरांचा जुना स्वेटर चढवला, वरून माकडटोपी. सर रिटायर झालेले. दूधवाला रोज अंधुक उजेडात कुंपणापलीकडून म्हणायचा, "सर, रामराम!" चौथ्या दिवशी तो बाईंना म्हणाला, "सर माझ्यावर नाराज हायत का? उत्तरच देईनासे झालेत."

बाईंनी पपई दाखवली. तो बिचारा ओशाळला.

बाई म्हणाल्या, "तुझी चूक न्हाई बाबा. सर घरातही तेवढंच बोलतात!"

* * *

चौकात एका पुढाऱ्याचं वाढदिवसाचं फ्लेक्स फाटून लोंबत होतं. मी ते आणलं अन् माझ्या मिरचीच्या वाफ्यावर टाकलं. दुसऱ्या दिवशी त्याचा कार्यकर्ता बुलेटवरून दारात.

"अक्का, साहेबांना मिरचीवर पालथं घातलं? इन्सल्ट हाय हा!"

मी म्हटलं, "इन्सल्ट कसला? निवडून आल्यापासून पहिल्यांदा कुणाच्या तरी कामाला आले!"

पोरगा हसला, अन् गाडी वळवता वळवता म्हणाला, "अजून एक फ्लेक्स हाय. आणू का?"

* * *

आता खरा किस्सा.

थंडी वाढतच चालली. चादर पुरेना. शेंड्याची दोन पानं काळी पडली, तशी मी ट्रंक उघडली. आहेराच्या साड्या! या लग्नात घ्यायच्या, त्या लग्नात द्यायच्या. नेसत कुणीच न्हाई. काढल्या अन् वेलीला गुंडाळत गेले. तरी वरचा भाग उघडाच राहिला. ट्रंकेच्या तळाशी एकच उरली होती, मोरपंखी, जरीकाठाची नायलॉनची. साखरपुड्यात विहीणबाईंनी मला दिलेली. हात जरा थबकला. पण सगळ्यात लांब अन् दाट तीच. चढवली!

संक्रांतीला विहीणबाई रेखासाठी तीळगूळ घेऊन पहिल्या एसटीनं आल्या. न सांगता. हातपाय धुवायला न्हाणीकडं गेल्या, अन् समोर त्यांची साडी नेसून उभी माझी वेल!

मालकांनी माझ्याकडं बघितलं.

विहीणबाईंनी पदर चिमटीत धरला. "ही मी दिलेली न्हवं?"

"हाव."

"वेलीला नेसवली?"

"हाव. काढणार न्हाई. काढली तर पानं जातील, अन् तुमच्याच मानाच्या विड्याला पान उरणार न्हाई."

विहीणबाईंनी पदर सोडला, दुपारचं जेवल्या, एसटीनं गेल्या. मालक माझ्यावर उखडले, "साडी काढून टाकली असती तर काय बिघडलं असतं? सोयरीक मोडते आता!" रेखा दोन दिवस वेलीकडं फिरकली न्हाई. मी तरी साडी काढली न्हाई.

माघ उजाडला. मांडवात विड्याची ताटं मांडली. हिरवीगार, तळहाताएवढी पानं, एकालाही डाग न्हाई! सरूबाई ताट घेऊन मिरवत होती, जशी काय वेल तिचीच.

विहीणबाईंनी एक पान उचललं, उजेडात धरलं, उलटंपालटं करून बघितलं. मग विडा केला अन् खाल्ला.

आहेराच्या वेळी चारचौघींत त्यांनी माझ्यापुढं दोन साड्या ठेवल्या. मला वाटलं, चुकून दोन आल्या. एक परत सरकवली, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू द्या. ही तुमची. अन् ही सुती, वेलीची. नायलॉन ऊब धरत न्हाई."