उन्हात जाणारी लाइन

पावसात लाइन गेली तर मी समजू शकतो. जोडाच्या डबीत पाणी शिरतं, उंदीर कोरडी जागा शोधत वायरींच्या पाइपात घुसतात, वाऱ्याने फांदी पडते. पण गोडदेवच्या त्या चार मजली बिल्डिंगमधल्या सर्वात वरच्या घराची लाइन कडकडीत उन्हात जायची. पाऊस संपून ऑक्टोबर तापायला लागला आणि त्या लाइनीने माझ्या डोक्याला ताप द्यायला सुरुवात केली.

मीरा-भाईंदरमध्ये लोकांच्या घरचं इंटरनेट दुरुस्त करत हिंडण्यात माझी बरीच वर्षं गेली. या धंद्यात एक गोष्ट पक्की कळली. बिघाड कुठलाही असो, त्याचं कारण माझ्याआधी सगळ्यांना ठाऊक असतं. त्या बिल्डिंगमधले दुसऱ्या मजल्यावरचे गुजराती काका मला जिन्यातच गाठायचे. "भाई, मैं बोलता है ना, कबूतर का काम है. वायर पे बैठता है, नेट जाता है." कबुतर बसल्याने नेट जात असतं तर भाईंदरला आजवर नेट मिळालंच नसतं. हे मी मनात म्हणायचो. तोंडाने "हां काका, देखता हूँ" म्हणून उरलेले जिने चढायचो. बिल्डिंग जुनी, लिफ्टचा पत्ता नाही.

वरच्या घरात एक ताई राहायची. नवरा सकाळीच कामावर निघून जायचा आणि ही घरून एका कंपनीच्या ग्राहकांशी बोलायचं काम करायची. बाळ जेमतेम पाच महिन्यांचं, अंगावर पिणारं. बाळंतपणाला रत्नागिरीकडच्या गावाहून आलेली तिची आई, म्हणजे माझ्या तोंडी मावशी, अजून इथेच होती. घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. गॅलरी काचा लावून बंद केलेली आणि तिथे ताईचं टेबल. ताईचं बोलणं चालू असलं की बाकी घर चिडीचूप. मी पहिल्यांदा बेल वाजवली तेव्हा मावशींनी दार उघडलं ते ओठांवर बोट ठेवूनच. पाणी हवं का, तेही हातानेच विचारलं. कुकरची शिट्टी होईल म्हणून आधीच धावत जाऊन गॅस बंद करणारी बाई मी त्या घरात पाहिली.

दोन कॉलच्या मधे ताई बाहेर आली. "दादा, बोलता बोलता कॉल कट होतोय. मॅनेजर म्हणतोय, असंच चालू राहिलं तर रोज ऐरोलीला ऑफिसात यायचं. याला टाकून मी कशी जाणार? नोकरीच सोडावी लागेल मला." बाळ आजीच्या खांद्यावरून माझ्या हातातल्या पकडीकडे बघत होतं. मी म्हटलं, "होईल ताई." काय होईल ते मला तरी कुठे माहीत होतं!

तिचा फोन यायचा सकाळी. घरातल्या नेटच्या डब्यावर लाल दिवा, म्हणजे वायरीतून येणारा उजेड घरापर्यंत पोचत नाहीये. मी तेव्हा कुठे बेव्हर्ली पार्कात नाहीतर खारी गावात अडकलेलो. ट्रॅफिकमधून वाट काढत, घाम पुसत दुपारी तिथे पोचावं तर दिवा हिरवागार! डॉक्टर दिसताच ताप उतरावा तसं. मी डबा बदलला. वायरीचं टोक कापून नवं बसवलं. समोरच्या बिल्डिंगवरचा जोड उघडून परत केला. एकदा संध्याकाळी गच्चीवर जाऊन समोरून आलेली वायर पाण्याच्या टाकीच्या लोखंडी अँगलपासून ताईच्या खिडकीपर्यंत बोटांनी चाचपली. कुठे उंदराचा दात नाही, कुठे चीर नाही. शेवटी मीही कबुतरांना शिव्या घातल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

एक दिवस योगायोगाने मी शेजारच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या तक्रारीवर होतो. ऊन चढत होतं. ताईचा फोन आला. "दादा, परत गेलं. आत्ताच गेलं. कॉल चालू होता हो." आवाज रडवेला झाला होता. काकांना जिन्यातच बाजूला सारून मी घरात न जाता थेट गच्ची गाठली.

मावशी माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. जुन्या लुगड्यांचे थर देऊन शिवलेली, पलंगभर लांबीची ओलीचिंब गोधडी त्यांनी माझ्या काळ्या वायरीवर टाकली होती आणि दोन्ही हातांनी ती नीट पसरत होत्या. वर चिमटेसुद्धा लावले होते. वायर गुडघ्यापर्यंत खाली आली होती आणि टाकीच्या अँगलपाशी तिला कोपरासारखा बाक आला होता.

त्या वायरीत केसाएवढा काचेचा धागा असतो. त्यातून उजेड येतो आणि त्या उजेडावर नेट चालतं. धागा असा मुडपला की उजेड तिथेच बाहेर सांडतो. सोबत पोलादी तार असल्यामुळे वायर तुटत मात्र नाही. ऊन लागून गोधडी हलकी झाली की वायर वर उचलली जाणार आणि नेट परत येणार. तोवर मी चार जिने चढून हजर, आणि मावशी वाळलेली गोधडी घेऊन खाली. पावसाळाभर गोधडी घरातच पंख्याखाली वाळत असणार. काखेत कळसा आणि मी गावाला वळसे घालत होतो.

"मावशी! काय करताय हे?"

"काय म्हणजे? गोधडी वाळत घालतेय. पोराने भिजवलीन ना." इतक्या दिवसांत मी त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला. खणखणीत, शेताच्या या टोकाहून त्या टोकाला पोचेल असा. "चांगली मजबूत दोरी आहे. म्हटलं सोसायटीनेच बांधली असेल."

"दोरी? अहो, तुमच्या लेकीच्या नेटची वायर आहे ती!" साठलेलं सगळं माझ्या तोंडून बाहेर पडलं. "नाकी नऊ आलेत माझ्या! डबे बदलतोय, जोड उघडतोय, आणि तुम्ही इथे गोधड्या वाळवताय! तुमच्यापायी ताईची नोकरी जायची वेळ आलीय!"

काच, उजेड, वायर यातलं मावशींना काही कळलं असेल नसेल. शेवटचं वाक्य मात्र कळलं. त्यांनी गोधडी एका हिसक्यात खाली ओढली. धुतलेली गोधडी धुळीत पडली, तिकडे त्यांनी बघितलंही नाही. "माझ्यापायी?" एवढंच म्हणाल्या.

माझी ओरड ऐकून ताई वर आली होती. कडेवर बाळ, गळ्यात हेडफोन. तिने वायरीकडे बघितलं, चिमट्यांकडे बघितलं. सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"आई, अगं मला एकदा विचारायचं तरी."

"कधी विचारू?" मावशींच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होत्या. "सकाळी बसतेस ती बोलतच असतेस. गॅलरीत दोरी होती, तिथे आता तुझं टेबल. म्हटलं कामात कशाला त्रास द्यायचा पोरीला."

इतके दिवस ज्याच्यावर राग काढायचा ते सापडलं होतं आणि आता राग काढावा असं कोणीच समोर नव्हतं. तेवढ्यात ताईचा मोबाइल वाजला. मॅनेजर. तिने बाळ आईकडे दिलं आणि जिन्यावरून धावतच "हो सर, कारण सापडलं सर" म्हणत खाली गेली.

त्याच दिवशी मी वायर चांगली डोक्यावरून उंच नेली आणि टाकीपासून कठड्यापर्यंत नायलॉनची जाड दोरी ताणून बांधली. दोरीचं सांगायला बेल वाजवली. मावशींनी दार उघडलं, ओठांवर बोट ठेवून. आतून ताईचं बोलणं ऐकू येत होतं. मग मीही हातानेच सांगितलं, वर दोरी बांधलीय, गोधडी तिच्यावर घाला. त्यांनी मान हलवली आणि हातानेच विचारलं, पाणी हवं का.

ताईची लाइन पुन्हा गेली नाही आणि नोकरीही टिकली. नंतर दोन-तीनदा दुसऱ्या कामांसाठी मी त्या घरी गेलो, पण मावशींचा तो गच्चीवरचा आवाज मला परत ऐकायला मिळाला नाही.