कुरडईबाबत खुलासा

सरकारला मी आयुष्यात एकच लेखी खुलासा दिला आहे आणि तो कुरडईबद्दल आहे.

हसू नका. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, रिसोडच्या बाजारात बी-बियाण्यांचं स्वतःचं दुकान, येता-जाता चार लोक नमस्कार करतात. आणि भर दुपारी गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून मी लिहितोय, "सदर पदार्थ गव्हाच्या चिकापासून बनविलेले असून ते खाद्य स्वरूपाचे आहेत"! ही वेळ माझ्यावर कशी आली ते सांगतो. सगळा दोष माझाच आहे हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे घरचे मध्ये मध्ये बोलणार नाहीत.

आमचं घर शिरपूर जैनला. घरात आई, बाबा, मी, माझी बायको सुनंदा आणि एक कुलर. यातल्या बाबांचं आणि कुलरचं कधीच जमलं नाही. मीटरवरचा लाल दिवा जोरात लुकलुकायला लागला की बाबांच्या छातीत धडधडतं. मी सकाळी रिसोडला निघालो की ते उठून कुलर बंद करणार, पंच्याने वारा घेत बसणार आणि संध्याकाळी माझी गाडी वाजली की पुन्हा चालू करणार. मागच्या मे महिन्यात एका दुपारी ते बाजेवरून उठता उठता खाली कोसळले. ऊन बाधलं होतं. दवाखान्यात सलाईन लागलं, डोळे उघडले आणि पहिलं वाक्य काय? "घरचा कुलर बंद केला का बे, गजू?"

मी हसलो नाही. मी बाहेर जाऊन रडलो. बापाला गारवा परवडत नाही म्हणून तो उकडून मरणार असेल तर माझ्या दुकानाला काय जाळायचंय! अशा मनःस्थितीत मला छतावर सौर पॅनल बसवण्याची योजना कळली. वीज घरची, वर सरकारचं अनुदान. बिलच आलं नाही तर बाबा कुलर कशाला बंद करतील? मीटर बाबांच्या नावावर, म्हणून अर्जही त्यांच्याच नावाने भरला. मार्चमध्ये छतावर कमरेएवढ्या उंचीवर चार पॅनल उतरते बसले.

आईने तेव्हाच विचारलं होतं. "अन् म्या कुरोड्या कोठी वाळू घालू?"

तिचं खरं होतं. आमच्या गल्लीत स्लॅबचं छत आमचं एकट्याचं, बाकी सगळी टिनाची घरं. त्यामुळे उन्हाळा लागला की अख्ख्या गल्लीच्या कुरडया आमच्याच छतावर वाळतात, आणि हे माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे. पण मी त्या दिवशी फार वरच्या पट्टीत होतो.

"आई, जग कुठं चाललं अन् तू कुरोड्यायचं काय घेऊन बसली! वर एवढा सूर्य तापून राह्यला. त्याचा वापर करून घेतला पायजे!"

(हे वाक्य आईने शब्दन् शब्द लक्षात ठेवलं. मला फार पुढे कळलं.)

पॅनल किती वीज करतात हे मोबाइलवर रेघेने दिसतं. पहिले पंधरा दिवस मी दुकानात गिऱ्हाइकांना बियाण्यांच्या पिशव्या कमी आणि मोबाइलच जास्त दाखवला. मग एप्रिल लागला आणि माझी वीज आजारी पडली! सकाळी दहापर्यंत रेघ झकास वर चढायची. दहाला धपकन खाली. चारनंतर पुन्हा थोडी डोकं वर काढायची. म्हणजे डोक्यावर आगीचा लोळ असताना आमच्या पॅनलला काही दिसत नव्हतं. महिन्याचं बिल आलं. बाबांनी ते चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं आणि शांतपणे उठून कुलर बंद केला.

"तुयी योजना फसली, गजू."

मी पॅनल बसवणाऱ्या मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, "सावली पडून राह्यली असन भाऊ. आजूबाजूचं झाड पाहा."

आजूबाजूला एकच झाड होतं, शेजारच्या नामदेवकाकांचा शेवगा. शेंगांनी लदबदलेला. मी सरळ जाऊन भांडलो. काका म्हणाले, "अरे, हे झाड तुया छताच्या हातभर खाली हाय! त्याची सावली वर जाते काय?" मी मोबाइलवरची रेघ दाखवली, बाबांची तब्येत काढली, माणुसकी काढली. तेवढ्यात काकू घरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "जाऊ द्या ना व्हो, छाटून टाका. गजूच्या छतावर ऊन चांगलं पडलं पायजे." शेवगा गेला. काका आजही माझ्याशी बोलत नाहीत. काकूंचा तो उत्साह मला तेव्हाच खटकायला हवा होता, पण मी त्यांना थोर बाई वगैरे म्हणून मोकळा झालो.

शेवगा गेला तरी रेघ तशीच! मग मी वांदरांवर संशय घेतला. त्यांच्यासाठी फटाके आणले. वांदरं घाबरली नाहीत, बाबा घाबरले. आता विचाराल, हा माणूस एकदा छतावर का गेला नाही? अहो, मी सकाळी नऊला घर सोडतो आणि संध्याकाळी सातला येतो. मोबाइलवर सगळं दिसत असताना जिना कशाला चढायचा?

अशात अनुदानासाठी शेवटचा फोटो मागितला गेला. लाभार्थी पॅनलजवळ उभा, चेहरा स्पष्ट. मी सुनंदाला फोन करून सांगितलं, "बाबांले वर ने अन् फोटो पाठव." आला. बाबा टोपी घालून, हात जोडून उभे. चेहरा एकदम स्पष्ट. मी गिऱ्हाईक सांभाळत तो पुढे पाठवून दिला. चार दिवसांनी शेरा आला:

"पॅनलवर पांढऱ्या रंगाचे गोलाकार पदार्थ आढळून येत आहेत. लाभार्थ्याने खुलासा करावा."

मी फोटो मोठा करून पाहिला आणि खुर्चीत बसलो (बसलेलोच होतो, आणखी बसलो). बाबांच्या मागे चारही पॅनलवर धोतरं अंथरलेली होती. कपड्यांचे चिमटे लावून, ताणून, शिस्तीत. आणि त्या धोतरांवर ओळीने कुरडया!

खुलासा लिहिला. तासाभरात उत्तर आलं, "उद्या प्रत्यक्ष पाहणी करण्यात येईल." मी दुकानाचं शटर ओढलं, डोक्याला ओला पंचा बांधला आणि गाडी शिरपूरकडे हाणली. घरी पोचलो, चपला न काढता जिना चढलो. वर आई, सुनंदा, काकू आणि गल्लीतल्या आणखी तिघी बसल्या होत्या.

"आई! हे काय चालू हाय?"

"कुरोड्या," आई म्हणाली. "पाह्य ना, काच अशी तापते का दोन घंट्यात कडक! बाजेवर दोन दिवस लागत होते."

"लय सोय केली बाप्पा तुवं," काकू मनापासून म्हणाल्या. "आता मोहल्ल्यातल्या बाया बी इचारून राह्यल्या."

"अन् वीज? वीज कोठून येईन?"

आई माझ्याकडे बघतच राहिली. "तूच तं म्हणे, सूर्य तापून राह्यला, त्याचा वापर करून घेतला पायजे."

"सुनंदा, तुले तरी समजत नाई?"

"मले वाटलं तुमाले मालूम हाय. मोबाइलवर तुमाले सारंच दिसते ना!"

मी ओरडलो. चांगला ओरडलो. खाली बाबा कुलर बंद करून घामाने निथळत बसलेत आणि वर तुम्ही त्यांच्या गारव्यावर कुरडया वाळवताय! आईच्या हातातला चिमटा खाली पडला. कुलर आणि धोतर यांचा काही संबंध असेल हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. तिने धोतरं गुंडाळली आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

एवढ्यावर मी थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण एका पॅनलच्या कडेला चिकाचे डाग दिसले आणि उद्या साहेब येणार होते. आमच्या टाकीचं पाणी मे महिन्यात दुपारी चहा करण्यालायक असतं. म्हणून मी खाली जाऊन रांजणातलं थंडगार पाणी बादलीभर आणलं (काचेलाही जरा बरं वाटेल म्हणून!) आणि तापलेल्या पॅनलवर एका दमात ओतलं. पॅनल फक्त पहाटे धुवायचे, हे मिस्त्रीने बसवतानाच सांगितलं होतं. तेव्हा मी मोबाइल बघत होतो.

कडकड आवाज झाला. इकडच्या कोपऱ्यापासून तिकडच्या कोपऱ्यापर्यंत काचेला जाळी पडली. सहा बायकांनी महिनाभर वापरून पॅनलला साधा ओरखडा आला नव्हता. मी एका बादलीत निकाल लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले. तीन पॅनल लख्ख. चौथ्यावर आईने मला वाचवायला गुपचूप धोतर अंथरून वर कुरडया मांडलेल्या!

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"कुरोड्या हायेत," आई म्हणाली.

"त्या माहीत आहेत, खुलासा वाचलाय मी. त्यांच्या खाली काय आहे?"

शेवटी लाभार्थीच पुढे झाले. बाबांना खोटं बोलता येत नाही.

"त्याच्या खाली माया पोराची हुशारी हाय, सायेब."

साहेबांनी धोतर उचललं, बघितलं, हळूच परत ठेवलं. नवीन पॅनल बसेपर्यंत फाइल पुढे सरकणार नाही आणि ते पॅनल आमच्याच खर्चाने, एवढं सांगून ते गेले. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर डोकं धरून बसलो. बापासाठी एक गोष्ट करायला गेलो. शेजारी तुटला, आई दुखावली, पॅनल फुटलं, अनुदान अडकलं, आणि बाबा मागच्या वर्षी होते तितकेच उन्हात!

बाबा उठून भिंतीवरच्या बटणाकडे निघाले. मी डोळे मिटून घेतले. कुलर आधीच बंद होता, आता बंद करायलाही काही उरलं नव्हतं. खटका वाजला आणि गार वाऱ्याचा झोत माझ्या अंगावर आला. डोळे उघडून पाहतो तर बाबा स्वतःच्या हाताने कुलर लावून, बटण शेवटपर्यंत फिरवून बाजेवर पाय पसरत होते.

"बाबा, बिल येईन ना!"

"येऊ दे," बाबांनी डोळे मिटले. "हिशोब केला म्या. लाइटचं बिल परवडते मले. तू नाई परवडत."