काकांच्या बाहीवरची हळद

मला नोकरी लागली ती कापडे गावच्या एका मावशींमुळे. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

जालन्याहून आलेलो मी वीर स्टेशनवरून महाडला येणाऱ्या रिक्षात घाम पुसत बसलो होतो. केमिकल कंपनीच्या गेटवर साहेब ॲसिड आणि अल्कलीतला फरक विचारतात, असं कळलं होतं. मी तर सातवीतच शाळा सोडलेली.

शेजारी एका लग्नाच्या हळदीहून परतणाऱ्या मावशी तंबाखूत चुना मळत होत्या. माझी रडकथा ऐकून हसल्या. "येवढंच हाय व्हय रे?" असं म्हणत त्यांनी चुन्याचं बोट शेजारी झोपलेल्या आपल्या नवऱ्याच्या, म्हणजे काकांच्या, हळदीनं माखलेल्या बाहीवर फिरवलं. पिवळा डाग लालभडक झाला. "चुना, सोडा, साबण. ह्यो तुझा अल्कली."

तेवढ्यात काका जागे झाले. "रगत! मेलो गो मी!"

"नाय मेलाव, गप ऱ्हावा." काकांना गाडी लागते म्हणून आणलेलं लिंबू मावशींनी त्याच डागावर पिळलं. डाग परत पिवळा! "आंबट त्यो ॲसिड."

काका बराच वेळ दंड चाचपत होते.

गेटवर साहेबांनी तेच विचारलं. घाबरून मी काकांसकट सगळं सांगून टाकलं. साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "उद्यापासून ये. पण इथल्या कशालाही बोट लावू नकोस."

माझं लग्न ठरलं की कापड्यात घरोघर विचारत जाईन. मावशींना मानाची साडी देऊन गावी नेईन आणि पहिली हळद त्यांच्याच हातून लावून घेईन.