तो मासा मरळ नव्हता

माझ्या साळ्याचा विषय निघाला की अजून माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, "एका माशासाठी किती दिवस फुगून राहाल?" एका माशासाठी! हे ऐकलं की मी पुन्हा पहिल्यापासून चिडतो.

सेलूला माझं मोटारपंप आणि पाइपांचं दुकान आहे. घर पक्कं शाकाहारी, अंडंसुद्धा उंबरठ्याच्या आत येत नाही. आणि अशा घरात मला पोरवयापासून गळ टाकायचं वेड. हिंगणीकडे नदीला एक डोह आहे, तिथं रविवारी मरळ पकडायची आणि लगेच सोडून द्यायची. लोक हसायचे. "खायची नाई तं पकडतं कायले बे?" माशाचा झटका हाताला बसतो ना, त्याच्यासाठी, बस. आईनं हे चालवून घेतलं ते एका अटीवर. "पकडजो," ती म्हणाली होती, "पण तुह्यापायी एक बी जीव जाऊ नाई. शब्द दे मले." मी दिला, आणि कधी मोडला नाही.

मग एक दिवस मोबाइलवर मी जायंट ट्रेव्हली पाहिला. अंदमानात, प्रवाळाच्या कडेकडेनं शिकार करत फिरणारा दांडगा मासा. लाकडाचा खोटा मासा दोरीला बांधून पाण्यावर फटफट ओढायचा, की बंद पंप अचानक सुरू झाल्यावर पाइपातून पाणी उसळावं तसा हा खालून येतो. गळ लागला की सरळ प्रवाळाच्या कपारीत घुसायला बघतो. तिथं दोरी घासली की खेळ खलास. बाप रे! मी ठरवलं, जन्मात एकदा हा पकडायचा, डोळे भरून बघायचा आणि सोडून द्यायचा. त्यासाठी कित्येक वर्षं मन मारलं. शेवटी निघालो तर बायको म्हणाली, "एकटे नका जाऊ, माह्या भावाले न्या सोबत." त्याचं तळेगावला कापडाचं दुकान. गोड बोलण्यात पटाईत. मी हो म्हणालो आणि तिथंच घात झाला.

अंदमानात होडीवाल्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मासा वर घेतला की पकडणाऱ्यानं आपला श्वास रोखायचा. आपल्याला श्वास घ्यावासा वाटला, म्हणजे मासा पाण्यात गेलाच पाहिजे. साळ्यानं जोरजोरात मान हलवली. दुकानात गिऱ्हाईक काहीही बोललं तरी हा अशीच मान हलवतो, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मासा लागला. काठी अशी वाकली की मी कठड्यावर आदळलो. तो खाली ओढतोय, मी वर ओढतोय, खांद्यातून कळा निघताहेत, घामानं डोळ्यांत आग. एकदा वाटलं, गेला कपारीत. पण आला! चांदीच्या पत्र्यासारखा, रुंद कपाळाचा, रागीट डोळ्यांचा. होडीवाल्यानं त्याला वर घेतलं, गळ काढला, आणि होडी प्रवाळाकडे वाहत चालली म्हणून तो इंजिनाकडे धावला. माझे हात लुळे पडले होते, मी फळीवर बसकण मारली. साळ्यानं मासा मांडीवर घेतला. एक फोटो झाला.

"सोड आता," मी म्हणालो.

"थांबा ना भाऊजी, आईले दाखवतो." आणि त्या शहाण्यानं एका हातानं मासा दाबून धरून, दुसऱ्या हातानं माझ्या आईला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आईचा अर्धा चेहरा आला आणि तसाच अडकला. आवाज नाही, काही नाही. "आई, दिसून राह्यलं का? हॅलो! पाहा तुमच्या पोराचा मासा!" फोन कधी उजवीकडे, कधी डोक्यावर.

"अबे सोड त्याले! मरंल तो!"

"काही नाई होत भाऊजी. मरळ नाई का, बाजारात दुपारभर टोपल्यात जित्ती राह्यते."

मरळ! आमच्याकडच्या माणसाला मासा म्हटलं की मरळ. ती वरची हवा घेऊन जगते, ओल्या पोत्यात गुंडाळली तरी टिकते, म्हणून बाजारात जिवंत विकतात. या गाढवाला वाटलं, जगातले सगळे मासे तसेच. समुद्रातला मासा त्याच्या मांडीवर गुदमरत होता, कल्ले उघडत होता, मिटत होता, आणि हा हसत होता! कुणाच्या पोराला यानं असं धरलं असतं का?

मी कसाबसा उठलो, मासा हिसकावला आणि शेपटीला धरून पाण्यात घातला. हात सोडला नाही. पुढे-मागे ढकलत राहिलो, कल्ल्यांत पाणी जावं म्हणून. चल रे, चल बाबा, चल. एकदा त्याची शेपटी हलली. मग तो हळूच कुशीवर झाला आणि त्याचं पांढरं पोट वर आलं.

"गया, साब," होडीवाला म्हणाला.

साळा काय म्हणाला ऐका. "मेलाच हाय तं फेकता कायले?" संध्याकाळी त्यानं तो लिंबू पिळून खाल्ला. घरी लसणाचं नाव काढलं तरी नाक मुरडणारा माणूस, "काय चव हाय भाऊजी!" म्हणून बोटं चाटत होता. देवाशपथ, मला वाटलं, याच्याच नरड्यात गळ अडकवावा.

घरी आल्यावर आईला कसं सांगावं तेच सुचेना. तिनं काही विचारलं नाही. चारच दिवसांनी साळा दारात हजर, हातात पेढे आणि तो फोटो, फ्रेम करून! "घ्या आई, भिंतीवर लावा. त्या दिवशी नेटवर्क नव्हतं, तुम्हाले दिसलं नाई म्हणून मुद्दाम आणला."

आईनं फ्रेम हातात घेतली.

"तुमच्याकडे नसंल नेटवर्क," ती म्हणाली. "मले सारं दिसत होतं. त्याचं तोंड उघडून राह्यलं होतं, मिटून राह्यलं होतं. मी सोडा, सोडा म्हणून वरडून राह्यलती, शेजारपाजारचे धावून आले. अन् तुम्ही हसून राह्यलते, बापू."

साळ्यानं गडबडून पेढ्यांचा पुडा पुढे सरकवला. मला आतून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी तावातावानं म्हणालो, "आई, मी तं याले केव्हाचा सांगून राह्यलतो..."

"हाव, तुहा बी आवाज आला मले," आई म्हणाली. "पण शब्द तू देलता, यानं नाई."

फ्रेम त्याच्या हातात परत देऊन ती आत गेली. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बैठकीत बसून राहिलो.