दीड हात सरकलेली पेटी

गेल्या दसऱ्याला तुम्ही कुणा म्हाताऱ्या माणसाचं घर आवरून दिलंत का, आणि दिलं असेल तर हात लावण्याआधी त्याला एका शब्दानं तरी विचारलंत का?

आम्ही विचारलं नव्हतं. आमच्याकडं घटस्थापनेच्या आधी ‘दसरा काढतात’. चमच्यापासून गोधडीपर्यंत घरातलं सगळं बाहेर येतं, धुतलं जातं, वाळतं आणि परत आत जातं. ज्याला स्वतःला होत नाही त्याच्याकडं नात्यातल्या बायका जाऊन काढून देतात, आणि ते पुण्याचं काम समजलं जातं. माझी गयाआत्या, वडिलांची थोरली बहीण, पूर्णेला एकटी राहायची. यंदा तिचा दसरा आई आणि मी काढला. दिवाळी होऊन पाच दिवस झाले नसतील, सकाळी तिच्या शेजारच्या नसीमचाचीचा फोन आला. “बेटा, आत्या पडल्यात. बोलायल्यात, पण पाय हलवता येईना. तू निघ.” मी गंगाखेडहून निघाले आणि परभणीच्या दवाखान्यात पोचले, तेव्हा आत्यानं माझ्या आवाजाच्या दिशेला मान वळवली आणि म्हणाली, “पेटी लागली गं पायाला.” खुब्याचं हाड मोडलं होतं; अकरा दिवसांनी ती गेली. त्याला आता दीड महिना होतोय. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, वय झालं होतं. वय झालेलं माणूस जातं हे मलाही कळतं, पण आत्या वयानं गेली नाही.

आत्याचे यजमान रेल्वेत होते. त्यांनी रुळांच्या पलीकडं दोन खोल्या बांधल्या आणि दोनच वर्षांत ते गेले. मूलबाळ नव्हतं. आत्यानं मशीन घेतलं आणि तीस वर्षं पूर्णेतल्या बायकांचे ब्लाऊज शिवले. त्या दोन खोल्या मी लहानपणापासून बघत आले. आमचं घर म्हणजे पत्रकांचं गोदाम. बाबा कामगारांच्या सभांची पत्रकं छापून आणायचे, आम्ही भावंडं त्या गठ्ठ्यांवर बसून जेवायचो, आणि अक्षरं जुळवायलाही मी त्याच कागदांवर शिकले. कात्री सापडली तर सुई हरवायची, सुई सापडली तर दोरा. आणि आत्याकडं... आत्याकडं काहीच शोधावं लागत नसे. शिवून उरलेल्या तुकड्यांची तिनं प्रत्येक फळीला झालर लावली होती. मसाल्याच्या फळीला खण, डाळींच्या फळीला जाड मांजरपाट, औषधांच्या फळीला मखमल, देवाच्या फळीला जरीचा काठ. दार पोपटी, खिडकी निळी. कॉलनीतल्या बायका नवी सून आली की तिला आत्याचं घर दाखवायला आणायच्या. मी डबे उघडून बघायला लागले की ती मशीनवरूनच ओरडायची, “काय धुंडायलीस? तोंड हाय ना, इचार की!” आणि मान वर न करता सांगायची, खणाच्या फळीवर डावीकडून तिसरा.

हे तिचं टापटीप राहणं आम्हाला इतकं अंगवळणी पडलं होतं, की त्यात काही बदलत चाललंय हे दिसलंच नाही. तीन-चार वर्षांपूर्वी तिनं शिवणकाम बंद केलं. मशीनवर चादर टाकली, म्हणाली, आता बास. मग एकदा गेले तर सगळ्या रंगीत साड्या तिनं वाटून टाकलेल्या. उरलेल्या सगळ्या गडद हिरव्या, ब्लाऊजही तेच. मी हसले. ती म्हणाली, “माझा युनिफॉर्म हाय हा. कोणताबी काढ, जुळतोच.” मला तर तो तिचा थाटच वाटला. दिवेलागणीला गेलं तरी घरात दिवा नसायचा. मी बटण दाबलं की म्हणायची, “मी काय पोथी वाचायलेय व्हय?” चहा देताना तिचा अंगठा कपाच्या आत असायचा, आणि मी दारात उभी राहिले तरी मी बोलेपर्यंत ती काही बोलत नसे. यातलं एकेक मी बघितलंय. बघून काय केलं, तर बाबांसारखी मीही आता पत्रकं काढते, त्यातल्या एकात तिचं उदाहरण दिलं, की गरजा कमी असलेलं माणूस कसं ताठ मानेनं जगतं. छापून आलं तेव्हा तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “चांगलं लिहितीस. पण लय घाईनं लिहितीस.”

दसरा काढायला आम्ही सकाळच्या गाडीनं गेलो. आईनं पदर खोचला आणि पहिला हात फळ्यांनाच घातला. आत्या म्हणाली, “सुमन, फळ्या राहू दे. मी करते हळूहळू.”

“अक्का, तुमी बसा बरं निवांत. दसरा काय रोज येतो का?” असं म्हणत आईनं झालरी ओढून काढल्या. “टेलरबाईच्या घरच्या चिंध्या काही संपत न्हाईत बाई!” आत्याही हसली. मखमल, खण, मांजरपाट सगळं एका गठ्ठ्यात धुणं झालं. फळ्यांवर आम्ही परभणीहून आणलेलं फुलाफुलांचं प्लास्टिक अंथरलं. सगळ्या फळ्या एकसारख्या. डबे उंचीप्रमाणे लावले. मी लांब उभी राहून फोटोसुद्धा काढला. मग राहिली लोखंडी पेटी. ती खाटेच्या पायथ्याशी भिंतीला टेकलेली असायची. पावसानं भिंतीला ओल धरली होती. आई म्हणाली, पुढं ओढू या. तेव्हा आत्या उठून उभी राहिली.

“पेटी तिथंच असू द्या गं.”

“ओल आलीय, अक्का. साड्याला बुरशी लागंल.”

“लागू द्या.”

मी म्हणाले, “आत्या, सगळ्या साड्या सारख्याच तर आहेत, एकीला लागली तर तुला कळायचंपण नाही!” आई हसली, आत्याही हसली... आणि बाजूला झाली. आम्ही पेटी भिंतीपासून दीड हात पुढं, मागच्या दाराच्या बाजूला सरकवली. फार नाही, दीडच हात. निघायच्या आधी आत्या पेटीपाशी गेली, तिच्या चारी कोपऱ्यांवरून तळवा फिरवला, मग तिथून दारापर्यंत सावकाश चालत गेली आणि परत आली. मला वाटलं, आवरलेलं घर ती डोळे भरून बघतेय.

नंतर तिचे फोन वाढले. आधी आठवड्यातून एकदा बोलणारी बाई दिवसाआड फोन करायला लागली. “आज चहात मीठ पडलं की गं,” असं हसत सांगायची. मीही हसायची. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी देवगाव फाट्यावर पत्रकं वाटत होते, बस सुटायच्या बेतात होती, आणि तिचा फोन आला. म्हणाली, “कुठं काय ठेवलंय ते एकदा सांग बरं नीट. एका बाजूनं सांग.” मी म्हणाले, “समोरच तर आहे सगळं आत्या, दिसेल की!” ती म्हणाली, “हां, दिसंल.” आणि फोन ठेवला. तिचं धडधाकट असतानाचं माझ्याशी झालेलं ते शेवटचं बोलणं.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी आई डबा आणायला गेली होती. मी तिच्या केसांतून फणी फिरवत होते. ती एकदम म्हणाली, “मला दिसत न्हवतं गं.”

“कवापासून?”

“बाजूचं जाऊन लय वर्सं झाली. समोरचं नळीतून बघितल्यावानी दिसायचं, तेबी यंदा गेलं.” एका नेत्र शिबिरात तिला काचबिंदू सांगितला होता. गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळा, असं म्हणून थेंब लिहून दिले होते. ते ती पहिल्यापासून बोटानं पापणी धरून रोज घालत होती, पण फार उशीर झाला होता. कुणालाच बोलली नव्हती, नसीमचाचीलाही नाही.

“मग सांगितलं का न्हाईस?”

“सांगितलं असतं तर नेलं असतं तुमी मला. पुढच्या खोलीत खाट टाकली असती. हाताला धरून न्हाणीत नेलं असतं. चांगलंच केलं असतं तुमी, मला काय ठाऊक न्हाई का? पण माझ्या घरात मी कुणाला हाक न मारता सगळं करत होते. डाळीला हात मांजरपाटावरनं जायचा, गोळीला मखमलीवरनं.”

मी म्हणाले, निदान पेटीचं तरी ठासून सांगायचंस. ती म्हणाली, “तू इचारलं असतंस, का म्हणून.”

हे एक वाक्य मी दीड महिना घेऊन फिरतेय. मागच्या दारातून ती रोज सकाळी तुळशीला पाणी घालायला जायची. खाटेपासून सहा पावलं. पेटी हलली तर ती सहा राहत नाहीत, हे तिला त्याच दिवशी कळलं होतं, आणि ते सांगायचं म्हणजे आपलं घर सोडायची तयारी करायची, हेही कळलं होतं. तिनं घर निवडलं. नवी पावलं पाठ करायला बसली. महिनाभर पाठ केलीही. एका सकाळी पाय जुन्या सवयीनं पडला.

आई आता कुणाशी फार बोलत नाही. मी तिला दोष देत नाही, कारण पेटीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. पण हा दोष नशिबावर ढकलायलाही मी तयार नाही. आपल्या लोकांना म्हाताऱ्या बाईचं घर म्हणजे सार्वजनिक जागा वाटते. कुणीही यावं, माळा उपसावा, ‘अडगळ’ काढावी, चांगलं दिसेल असं लावावं आणि वर कौतुक करून घ्यावं. तिच्या मांडणीमागं एखादं कारण असेल, तिनं ती वर्षानुवर्षं डोकं लावून जमवली असेल, अशी शंकासुद्धा आपल्याला येत नाही. तरण्या माणसाच्या टेबलावरचा कागद हलवताना आपण दहादा विचारतो. आणि दुसरी गोष्ट याहून वाईट. डोळे जायला लागले हे सांगायला तिला आमची भीती वाटली. आम्ही तिच्यावर माया करत होतो, आणि ती माया तिला घरातून उचलून नेईल अशीच होती. अंधारात एकटं राहणं तिला आमच्यापेक्षा कमी धोक्याचं वाटलं, याची लाज मला जन्मभर पुरेल.

तेराव्यानंतर मी एकटीच पूर्णेला जाऊन आले. आधी पेटी ढकलत परत भिंतीला लावली. मग खिडकी उघडली, ऊन आत आलं, आणि भिंतीवर मला एक पट्टा दिसला. कमरेच्या उंचीवर, तळव्याएवढा रुंद, तेलकट, गुळगुळीत. खाटेपासून निघालेला, दाराच्या चौकटीला वळसा घालून चुलीपर्यंत, तिथून न्हाणीपर्यंत, तिथून मागच्या दारापर्यंत. कुठंही तुटलेला नाही. रोज त्याच जागी हात फिरून फिरून चुना घासून निघाला होता. मी त्यावर हात ठेवून डोळे मिटले आणि चालले... कुठंही ठेचकाळले नाही. घर विकायचं की नाही हे बाबा ठरवतील. त्या भिंतींना रंग लावायचा नाही, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.

तुम्हाला एकच मागणं आहे, आणि ते हा कागद खाली ठेवल्यावर लगेच करायचं आहे. तुमच्या आईच्या, आत्याच्या, शेजारच्या एकट्या आजोबांच्या घरी जा. चहा घ्या, गप्पा मारा, आणि बोलता बोलता भिंतीकडं बघा, कमरेच्या उंचीवर. असा पट्टा दिसला तर तो पुसू नका आणि आरडाओरडाही करू नका. आधी त्यांना सांगा, की तुम्हाला या घरातून कुणी हलवणार नाही. आणि ते खरं करा. मग दुसऱ्या दिवशी सकाळीच, त्यांना सोबत घेऊन, डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा.