खांद्याखालच्या शाली

मेहकरच्या एका खासगी दवाखान्यात कॅमेऱ्याचा लॅरिंगोस्कोप आला, तेव्हा त्याचं स्वागत नव्या सुनेसारखं झालं. जीभ बाजूला सारून श्वासनळीचं तोंड पडद्यावर दाखवणारं ते उपकरण. ते वापरणारा भूलतज्ज्ञ म्हणजे मी. पण मी बुलढाण्याहून पोचेपर्यंत त्याच्यावरची भाषणं आणि सत्कार आटोपले होते.

पहिला पेशंट पित्ताशयाच्या ऑपरेशनचा, कापसाचा व्यापारी. वजन भरपूर, मान जवळपास नाहीच. अशा माणसाला भूल दिली की त्याचा श्वास आपल्या हाती येतो, आणि श्वासनळीत नळी घालायला उशीर झाला तर ऑक्सिजन भराभर उतरतो. म्हणून श्वासनळीची वाट सरळ दिसावी यासाठी मी सिस्टरना त्याच्या खांद्यांखाली चादरींच्या घड्या ठेवायला सांगितल्या. सर्जनसाहेबांनी त्या काढायला लावल्या.

"फोटोत गाठोड्यावर झोपवल्यासारखं दिसतं. आता कॅमेरा आहे ना, डॉक्टर?"

मी वाद घातला नाही. फोटोत मीही असणार होतो.

"साहेब, मी टीव्हीवर दिसन का?" व्यापाऱ्याने विचारलं.

"तुम्ही नाही, तुमचा घसा."

"मंग घशाले पावडर लावा लागते."

तो झोपला. मी लॅरिंगोस्कोपचं पातं तोंडात सरकवलं. पडद्यावर जीभ आली, भव्य, रंगीत, चकचकीत. श्वासनळीचा पत्ता नाही. ऑक्सिजन घसरला तसा मॉनिटरचा सूर खाली उतरू लागला.

"डॉक्टर, जरा इकडे बघा," मोबाईल धरून सर्जनसाहेब म्हणाले.

मी पातं काढून मास्कने श्वास देऊ लागलो. तोही जेमतेम जात होता.

"सर, डोकं मांगं पडून राह्यलं," सिस्टर म्हणाल्या. "चादरी तं धुवाले गेल्या. सत्काराच्या शाली उरल्या हायेत, आणू?"

"आणा."

सर्जनसाहेबांना मोबाईल खिशात घालून पेशंटचे खांदे उचलावे लागले. कान आणि छातीच्या हाडाचं वरचं टोक एका रेषेत येईपर्यंत आम्ही शाली सारत गेलो. शालीचा इतका थेट उपयोग मी कुठल्याच सत्कारात पाहिलेला नाही. मी पुन्हा पातं घातलं. सिस्टरनी बाहेरून कंठमणी दाबून किंचित उजवीकडे सरकवला. पडद्यावर पांढरे स्वरतंतू उघडले. नळी गेली, छाती वर आली.

"पाहिलं? कॅमेऱ्याची कमाल," सर्जनसाहेब म्हणाले आणि शालींवर हिरवं कापड टाकायला सांगून त्यांनी फोटो घेतला.

कॅमेऱ्याला दोष नाही. जे समोर धरलं ते त्याने दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मी व्यापाऱ्याला एक चिठ्ठी दिली. बसलेल्या आवाजात त्याने ती वाचली: "मान आखूड. खांदे व डोके उंच करूनच भूल द्यावी. या वेळी आधी तसे केले नव्हते."

"काऊन नव्हतं केलं?"

"फोटोसाठी."

तो चिठ्ठी शेजारी बसलेल्या बायकोच्या हातात देत म्हणाला, "पुढच्या वेळी डॉक्टर कोणताबी असो, आधी हे वाचून घेजो म्हणाव."