नॅनोवाली पोरगी
पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी नॅनोकण घेऊन विषाणूंवर काम करते. गावी, वडनेर भोलजीला, माझ्या आईला मात्र त्यातलं 'नॅनो' एवढंच ठाऊक होतं. लग्नकार्यात बायका विचारायच्या, "पोरीनं तिशी ओलांडली, अजून शिकूनच राह्यली काय वं?" आई म्हणायची, "नॅनोचं काम करते." आमच्याकडे नॅनो म्हणजे पिकावर फवारायचा युरिया. एका मामांनी तर मला फोन करून येताना दोन बाटल्या आणायला सांगितलं. मी हसले, आई हसली नाही. चारचौघींत लेकीचं काम सांगता येत नाही याची तिला लाज वाटायची, आणि ते मला लागायचं.

मागच्या उन्हाळ्यात भावाचं लग्न झालं. वऱ्हाड शेगावहून परतलं तेव्हा नव्या जोडप्याला अडवायला मी उंबरठ्यावर आडवी उभी राहिले. हा बहिणीचा मान. भावानं आपली होणारी लेक बहिणीच्या लेकासाठी कबूल केली की मगच दार सोडायचं. मावशीला आयतीच संधी मिळाली.

"तुले ना नवरा, ना लेक. कोणासाठी मागतं वं?"

बायका खो खो हसल्या. आईचा चेहरा उतरला. मला मावशीचा रागच आला, पण मी जागची हलले नाही.

"मावशी, तिकडं माहं कामच हे हाय. व्हायरसले आपल्या पेशीत घुसायचं असते, अन् पेशीले दार असते. आमी डोळ्याले न दिसणारे बारीक कण बनवतो. ते व्हायरसले चिकटतेत अन् त्याले दारापर्यंत जाऊच देत नाही."

"मारून टाकतेत?"

"नाही. नुसते अडवतेत."

"अन् मंग मागतेत काय?"

या वेळी मीही हसले. भावानं न जन्मलेली लेक माझ्या न जन्मलेल्या लेकाला देऊन टाकली आणि वहिनी माप ओलांडून आत आली.

रात्री आईनं माझ्या कामाचं सगळं मला खोदून खोदून विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू सून बघायला आल्या. मी आतल्या खोलीत साड्यांच्या घड्या घालत होते. त्यांनी माझी चौकशी केली तशी मी कान टवकारले.

"आजाराले दारातच अडवते पोरगी," आई म्हणाली. "अजून काचेच्या ताटलीतच चालू हाय. कधी अडते, कधी नाही अडत. पण करून राह्यली."

इतक्या वर्षांत माझं काम इतकं खरं कुणी सांगितलं नव्हतं.

"अन् लगन?" काकूंनी विचारलं.

"तिले सवड भेटू दे आधी," आई म्हणाली. "तू चहा घे."